गोवा विद्यापीठात गाणं ऐकायला जायचंय? नवीन असाल तर आधी हे वाचा

ॲडमिशन झाली, हॉस्टेल मिळालं, कँटीनची भाजी-पाव पण खाऊन झाली, आणि मग कोणीतरी ग्रूपवर पोस्टर टाकतं की अमुक तारखेला दुपारी साडेतीनला कोणाचं तरी गायन आहे आणि आदल्या दिवशी त्याच विषयावर व्याख्यान. तुम्ही पोस्टर बघता, अंगठा दाखवता आणि मनात म्हणता, आपल्याला त्यातलं काय कळणार, सोडा. बहुतेक जण इथेच गळतात. पेडण्याहून, सत्तरीतून, सावंतवाडी-कोल्हापूरकडून नवीन आलेली बरीच मुलं दोन वर्षं ताळगावच्या पठारावर काढतात आणि फुकटात मिळणारं इतकं गाणं न ऐकता घरी जातात, म्हणून हे लिहितोय. विद्यार्थी नसाल, पणजी-फोंड्याला नोकरीनिमित्त नवीन आला असाल तरी चालेल, यातलं बरंचसं तुम्हालाही लागू आहे.

माझं म्हणणं एवढंच आहे, की गाण्यातलं कळायला लागतं ते ऐकून, आणि ऐकायला जाताना एक, फक्त एकच गोष्ट ठरवून जायचं. ती एक गोष्ट मिळते व्याख्यानात. म्हणून व्याख्यान बोअर होईल म्हणून टाळायचं आणि थेट मैफलीला जायचं हे उलटं आहे. दोन्ही असतील तर दोन्हीला जा, आणि एकच जमणार असेल तर नवीन माणसाने आधी व्याख्यान निवडावं, हे माझं मत, पटलं तर बघा.

पहिली पायरी : कार्यक्रम आहे हे कळणं

हेच सगळ्यात अवघड, हसू नका. विद्यापीठातल्या कार्यक्रमाची जाहिरात म्हणजे फॅकल्टी ब्लॉकच्या नोटीस बोर्डावरचा एक ए-फोर कागद, एक व्हॉट्सॲप फॉरवर्ड आणि वेबसाईटच्या कुठल्यातरी कोपऱ्यातली एक ओळ. त्यामुळे स्वतःहून शोधायची सवय लावा. भाषांच्या विभागांचा बोर्ड बघत जा (शणै गोंयबाब स्कूल म्हणतात त्याला, मराठी विभाग पण तिथेच), लायब्ररीच्या दाराशी बघत जा, आणि वेबसाईटवर व्हिजिटिंग रिसर्च प्रोफेसर्स प्रोग्रॅम या नावाखाली काय चाललंय ते अधूनमधून उघडून बघा. या प्रोग्रॅममध्ये गोव्याशी संबंधित मोठ्या माणसांच्या नावाची अध्यासनं आहेत आणि त्यावर बाहेरून नामवंत लोक येऊन थोड्या दिवसांचे कोर्स आणि व्याख्यानं देतात. त्यातलं एक अध्यासन पाश्चात्य संगीताचं, अँथनी गोन्साल्विस यांच्या नावाचं.

हो, ते "माय नेम इज अँथनी गोन्साल्विस" या गाण्यातलं नाव. पण माणूस खरा. माजोर्ड्याचे व्हायोलिनवादक, १९२७ चा जन्म, मुंबईच्या सिनेसंगीतात अरेंजर म्हणून काम केलं, प्यारेलाल त्यांच्याकडे व्हायोलिन शिकले आणि पुढे गुरूचं नाव त्यांनी गाण्यात घातलं. १९५८ मध्ये गोन्साल्विसांनी मुंबईत इंडियन सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला, पाश्चात्य वाद्यवृंद आणि आपले राग एकत्र, त्यात लता मंगेशकर आणि मन्ना डे गायले. २०१२ मध्ये ते गेले. आता गंमत बघा, एक माजोर्ड्याचा आणि दुसरी मूळ मंगेशीच्या घराण्यातली, दोघं अर्ध्या-पाऊण तासाच्या अंतरावरच्या गावांतले, आणि एकत्र आले कुठे तर मुंबईत. गोव्यातल्या संगीताची बरीचशी कथा अशीच आहे, त्यामुळे व्याख्यानाला गेलात की मुंबईचा उल्लेख येणारच, तयारीत राहा.

या कोर्सपैकी बरेचसे बाहेरच्या लोकांनाही खुले असतात, फक्त आधी नाव नोंदवावं लागतं. नोंदवा. जागा असतात, पण खोली छोटी दिली असेल तर आयत्या वेळी दारात उभं राहायची पाळी येते. आणि पोस्टरचा फोटो काढून ठेवा, खोलीचा नंबर आणि ब्लॉकसकट, कारण कॅम्पस पसरलेला आहे आणि "सेमिनार हॉल" म्हटलं की चार माणसं चार दिशा दाखवतात. त्या दिवशी सकाळी विभागाच्या ऑफिसात एक फोन करून जागा बदलली नाही ना एवढं विचारून घेतलं की झालं.

येणं-जाणं

येण्याचं सोपं आहे, पणजीच्या कदंबा स्टँडवरून बस मिळते. मडगावकडून येत असाल तर पणजीपर्यंत कशाला जायचं, बांबोळीला गोमेकॉच्या (गोवा मेडिकल कॉलेजच्या) स्टॉपवर उतरा आणि तिथून पायलट करा किंवा कोणाची तरी लिफ्ट घ्या. गोव्यात नवीन असाल तर सांगतो, पायलट म्हणजे पिवळ्या मडगार्डची मोटारसायकल टॅक्सी, भाडं बसायच्या आधी ठरवायचं. खरी अडचण परतीची. अंधार पडला की कॅम्पसवरून बशी विरळ होत जातात आणि मैफल रंगली की कोणी घड्याळ बघत नाही, म्हणून परतीचं येतानाच ठरवा, गाडीवाल्या एखाद्या वर्गमित्राला आधीच पकडून ठेवा. पावसाळ्यात छत्री नको, पठारावर वारा असा असतो की छत्री पहिल्या पाच मिनिटांत उलटी होते, रेनकोट घ्या. आणि तो ओला रेनकोट हॉलच्या बाहेरच ठेवा हो, आत आणून शेजारच्या खुर्चीवर नको.

व्याख्यानाला काय करायचं

वेळेवर जा पण वेळेवर सुरू होईल अशी अपेक्षा ठेवू नका. दीपप्रज्वलन, पुष्पगुच्छ, प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय (जो परिचय पाहुण्यांना स्वतःलाच नको असतो), मग कधीतरी विषय. हा वेळ वाया घालवायचा नाही, यात मोबाईलवर विषयातली दोन नावं शोधून घ्यायची. म्हणजे विषय केसरबाई केरकरांचा असेल तर एवढं माहीत असलं तरी पुरे, की जन्म १८९२ चा फोंडा तालुक्यातल्या केरी गावचा, अल्लादिया खाँसाहेबांची तालीम, जयपूर-अत्रौली घराणं, आणि १९७७ मध्ये व्हॉयेजर यानाबरोबर अंतराळात गेलेल्या सोन्याच्या तबकडीवर त्यांची भैरवी आहे. त्याच वर्षी त्या वारल्या. विषय गायिका मोगूबाई कुर्डीकरांचा असेल तर कुर्डी हे गाव लक्षात ठेवा. साळावलीच्या धरणात गेलं ते गाव, दर मे महिन्यात पाणी उतरलं की वर दिसतं, लोक देवळाला भेट द्यायला जातात. त्यांची तालीमही खाँसाहेबांचीच आणि किशोरी आमोणकर त्यांची मुलगी. एवढा धागा हातात असला की वक्ता पुढे जे बोलेल ते कुठेतरी अडकतं, नाहीतर नुसती नावं कानावरून जातात.

सगळ्यात चांगला प्रकार म्हणजे लेक-डेम, बोलता बोलता गाऊन किंवा वाजवून दाखवतात तो. तो चुकवू नका. घुमट या गोव्याच्या तालवाद्यावरचं असं एखादं सत्र मिळालं तर पुढे बसा, कारण ते कानाइतकंच डोळ्यांनी कळतं. मातीचं भांडं, दोन्ही तोंडं उघडी, मोठ्या तोंडावर चामडं ताणलेलं, एका हाताची बोटं चामड्यावर आणि दुसऱ्या हाताचा तळवा मागच्या छोट्या तोंडावर. तो तळवा किती झाकतो, कधी सोडतो, यावर आवाज बदलतो, बंद केलं की दबका, सोडलं की मोकळा "घुंम्". पूर्वी चामडं घोरपडीचं असायचं, वन्यजीव कायद्याने ते बंद झालं, आता बकऱ्याचं लावतात आणि जुने वादक अजून कुरकुरतात की तो नाद नाही. २०१९ मध्ये सरकारने घुमटाला राज्याचं वारसा वाद्य जाहीर केलं. आणि हेच घुमट चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) आरतीलाही आणि मांडो-दुलपद या कोंकणी गाण्यांनाही, ही गोष्ट गोव्याबाहेरून आलेल्यांना पहिल्यांदा ऐकताना खरी वाटत नाही.

टिपण काढताना सगळं उतरवत बसू नका. तीन ओळी पुरतात. एखादं नाव, एखादा राग, आणि "उद्या हे ऐकायचं" अशी एक गोष्ट. तीच ती ठरवून जायची गोष्ट.

प्रश्नोत्तरात हात वर करायला लाजू नका, पण प्रश्न प्रश्नासारखा विचारा. दर व्याख्यानाला एक काका असतातच, उभे राहतात आणि "प्रश्न नाही, थोडं ॲड करतो" म्हणून दहा मिनिटं त्यांच्या लहानपणीच्या मैफलींबद्दल बोलतात. ते ज्येष्ठ आहेत, त्यांना चालतं, तुम्हाला चालणार नाही. एक वाक्य विचारा. "तुम्ही आता गाऊन दाखवलं त्यात दुसऱ्या वेळी काय बदललं?" असा प्रश्न कुठल्याही कलाकाराला आवडतो कारण त्याला परत गाऊन दाखवता येतं, आणि सगळ्या हॉलचा फायदा होतो. इंग्रजी अडखळत असेल तर मराठीत किंवा कोंकणीत विचारा, कोणीतरी भाषांतर करून देतंच.

मैफल : आपलं शास्त्रीय

आता मुख्य. विद्यापीठातल्या मैफलीचा एक फायदा कोणी सांगत नाही तो मी सांगतो. बाहेरच्या मैफली संध्याकाळी असतात, त्यामुळे तेच पुरिया, यमन, मग रात्रीचे राग. विद्यापीठात कार्यक्रम ऑफिसच्या वेळात बसवायचा म्हणून दुपारी तीन-साडेतीनला ठेवतात, आणि त्यामुळे भीमपलास, पटदीप, मुलतानी असे दुपारचे राग समोर बसून ऐकायला मिळतात जे एरवी रेकॉर्डवरच ऐकावे लागतात. गैरसोय आहे ती, पण तिचा असा उपयोग.

बसायचं कुठे? स्पीकरच्या अगदी समोर नको, कान बधिर होतात. गायकाच्या उजव्या हाताला तबला असतो आणि डाव्या हाताला पेटी, म्हणजे आपल्या बाजूने बघितलं तर तबला डावीकडे. तबलजीचे हात दिसतील अशी जागा पकडा, का ते पुढे सांगतो.

सुरुवातीला तानपुरे जुळवतात. नवीन लोक इथे गप्पा मारतात कारण अजून काही सुरू झालं नाही असं वाटतं. गप्पा नको, याच वेळी कान लावा. चार तारांतल्या मधल्या दोन षड्जाच्या (सा), शेवटची खर्जाची (खालचा सा), पहिली बहुतेक वेळा पंचमाची (प), रागात पंचम नसेल तर मध्यमाची किंवा निषादाची. तारेखाली घोडीवर एक बारीक दोरा असतो, तो केसभर सरकवला की तार एकदम गुणगुणायला लागते, त्याला जवारी लागली म्हणतात. तो क्षण ऐकू आला की पुढचा तासभर तो षड्ज तुमच्या कानात राहतो आणि गायक त्यापासून किती लांब गेला, कधी परत आला हे आपोआप कळायला लागतं. हल्ली मोबाईलचाच तानपुरा लावतात पुष्कळदा, चालतं, पण खरे दोन तानपुरे मागे असतील तर ती मैफल सोडू नका.

मग विलंबित ख्याल, म्हणजे संथ लयीतलं गाणं. नवीन माणूस इथे कंटाळतो, आणि त्यात त्याची चूक नाही, कारण विलंबित एकतालाच्या बारा मात्रा एवढ्या ताणलेल्या असतात की एक आवर्तन (तालाची पूर्ण फेरी) कधी कधी मिनिटाच्या जवळ जातं आणि आपण कुठे आहोत याचा पत्ता लागत नाही. तर पत्ता असा लावायचा. बंदिशीची पहिली ओळ, मुखडा, तो फिरून फिरून येतो. तो यायला लागला की सम जवळ आली. गायक सगळं सांगून शेवटी मुखडा घेतो आणि त्यातल्या एका ठरावीक अक्षरावर तबला आणि गळा एकत्र पडतात, तीच सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा. जाणकारांच्या माना तिथेच हलतात, तेव्हा सुरुवातीला शेजारच्या आजोबांच्या मानेकडे लक्ष ठेवलं तरी चालेल, खरंच सांगतो. नवीन माणसाने त्या मैफलीत फक्त सम पकडायची, बाकी काही नको. रागाचं नाव ओळखता आलं नाही म्हणून कोणी हॉलबाहेर काढत नाही.

जयपूर घराण्याचं गाणं असेल तर काम सोपं, कारण त्यांचं विलंबित बहुतेक तीनतालात आणि एवढं संथ नसतं. तीनताल सोळा मात्रांचा. आता त्या डावीकडच्या जागेचा उपयोग. डग्ग्यावरच्या (जोडीतल्या मोठ्या, खालच्या आवाजाच्या भांड्यावरच्या) हाताकडे बघा. नवव्या मात्रेला "खाली" (तालातली बिनटाळीची जागा) येते आणि त्यानंतर डग्ग्याचा घुमारा गायब होतो, धिं चं तिं होतं, नुसती दायाची (दुसऱ्या, छोट्या तबल्याची) कोरडी टणटण राहते. चौदाव्या मात्रेला घुमारा परत येतो, मग आणखी दोन मात्रा आणि सम. हे एकदा ऐकू आलं की बोटावर मोजायची गरजच राहत नाही. पुढे द्रुत म्हणजे जलद बंदीश, ताना, तिहाई (एकच तुकडा तीनदा घेऊन समेवर येणं), तिथे तर तुम्हीच मांडीवर हात मारायला लागाल.

दाद द्यायची का? द्या, पण समेनंतर. "वाह", "क्या बात है" हळू म्हटलेलं चालतं, टाळ्या शेवटी. गायकाने स्वर लावून धरलाय आणि तुम्ही मध्येच टाळ्या वाजवल्या तर तो हसून मान डोलावतो, पण बसलेला धागा तुटतो. उठायचं असेल तर विलंबित आणि द्रुत यांच्या मधे नको, दोन रागांच्या मधे उठा. भैरवी सुरू झाली की मात्र बसून राहा, ती शेवटची असते, भैरवीत पार्किंगकडे पळणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.

मैफल : पाश्चात्य

इथे नियम बरोबर उलटे, आणि गोव्यात तुम्हाला दोन्ही लागणार. इथे मध्ये दाद नाही, मान हलवणं नाही, कुजबुज तर नाहीच. दारात एक कागद देतात, त्यावर काय वाजणार ते क्रमाने छापलेलं असतं, तो नीट बघा. एकाच रचनेखाली तीन-चार ओळी असतील, अलेग्रो, अडाजिओ, प्रेस्टो अशा, तर ते त्या रचनेचे भाग, मूव्हमेंट, आणि त्या भागांच्या मधे टाळ्या वाजवायच्या नाहीत. कॉन्चेर्टो असेल तर बहुधा तीन भाग, सिम्फनी असेल तर चार. मोजण्यात गोंधळ झाला तर सोपा उपाय, कंडक्टरचे हात खाली येऊन तो आपल्याकडे वळेपर्यंत थांबा. उशीर झाला तर दारातच उभे राहा आणि टाळ्या सुरू झाल्या की आत शिरा.

कॉयर असेल, म्हणजे समूहगान, तर ऐकण्याची ठरवून जायची गोष्ट मी सांगतो. चार आवाज असतात, सोप्रानो, आल्टो, टेनर, बेस. आपला कान सवयीने वरच्या चालीमागे धावतो, कारण आपल्या गाण्यात एकच चाल असते. तुम्ही बेस धरा. सगळ्यात खालचा पुरुषी आवाज, तो एकट्याचा काय गातोय तेवढंच पाच मिनिटं ऐका. त्याने एक स्वर बदलला की वरचे तिन्ही आवाज तेच गात असूनसुद्धा सगळ्याचा रंग बदलतो. हार्मनी म्हणजे काय हे व्याख्यानाच्या दोन तासांत कळणार नाही ते त्या पाच मिनिटांत कळतं. विद्यापीठाचा स्वतःचा कॉयर २०१३ च्या सुमारास सांतियागो लुसार्दी जिरेल्ली यांनी त्याच गोन्साल्विस अध्यासनातून उभा केला. गाण्याची हौस असेल तर सध्या सराव कुठे आणि कधी चालतो याची चौकशी करा. स्टाफ नोटेशन (पाच रेघांवरची पाश्चात्य स्वरलिपी) वाचता येत नाही म्हणून मागे राहू नका, सासष्टीतली मुलं चर्चच्या शाळेतून सोल्फेज (स्वर त्यांच्या नावांनी वाचून गाणं) शिकून येतात म्हणून त्यांना पटकन जमतं, तुम्ही भजनी मंडळात वाढला असाल तर तुमचा कान तयार असतोच, कागद वाचायला दोन-तीन महिने जास्त लागतील एवढंच.

मोबाईल

सायलेंट पुरत नाही, एअरप्लेन करा, नाहीतर सगळा माईक घुर्रघुर्र करतो. रेकॉर्डिंग विचारल्याशिवाय नको. विचारलं तर बरेच कलाकार एक-दोन मिनिटांचं करू देतात, पण तासभर हात वर करून समोर उभं राहणारा माणूस मागच्या चार रांगांचा शत्रू असतो.

कॅम्पसबाहेर

थोडा कान तयार झाला की बाहेर पडा. कांपालची कला अकादमी, चार्ल्स कोरियांनी आखलेली इमारत, तिथलं दीनानाथ मंगेशकर कलामंदिर, आणि अकादमीचा केसरबाई केरकर संगीत समारोह साधारण नोव्हेंबरच्या आसपास असतो. दिवाळीच्या सुट्टीला जोडून घरी पळायच्या आधी तारखा बघा. जुन्या गोव्यात मोंतच्या कपेलीत (छोट्या चर्चमध्ये), टेकडीवर, मोंत म्युझिक फेस्टिव्हल होतो, त्यात एका संध्याकाळी आपलं आणि एका संध्याकाळी पाश्चात्य असं दोन्ही ऐकायला मिळतं, आणि बाहेरच्या अंगणात बसायचं असेल तर लवकर जाऊन जागा धरा. कपेलीत चप्पल काढावी लागत नाही, देवळातल्या मैफलीला लागते, एवढा फरक लक्षात ठेवा. जॉर्जियाच्या राणी केतेवानच्या नावाचा सेक्रेड म्युझिक महोत्सवही जुन्या गोव्यातच २०१६ पासून सुरू झाला, तिच्या अस्थी तिथल्या सांत ऑगस्टीनच्या भग्न चर्चमध्ये सापडल्या म्हणून तिचं नाव. मडगाव, साखळी, कुडचडे इथली रवींद्र भवनं आणि फोंड्याचं राजीव गांधी कलामंदिर यांच्या महिन्याच्या कार्यक्रमांवरही नजर ठेवा, घराजवळ पडत असेल तर परतीच्या बसची कटकट वाचते.

आणि कार्यक्रम संपला की लगेच पळू नका. कलाकार वाद्यं गुंडाळत असतात तेव्हा पाच-दहा मिनिटं मोकळी मिळतात. गायकाभोवती सेल्फीवाल्यांची गर्दी असते, तिकडे नंबर लागणार नाही. तबलजीकडे जा, त्यांच्याकडे सहसा कोणी जात नाही, आणि "दुसरी बंदीश कुठल्या तालात होती?" एवढं विचारा. बहुतेक वेळा बांधलेला डग्गा परत सोडून वाजवून दाखवतात.